शिवणाच्या खोलीतला बोलका डबा : सव्वा वर्ष वापरून लिहितेय

मी ब्लाऊज शिवते. सोलापुरात पूर्व भागात, अशोक चौकाच्या बाजूला आमचं घर आहे आणि घराची पुढची खोली हेच माझं दुकान. पाटी नाही, शटर नाही, 22 वर्षांत एकदाही जाहिरात केली नाही. बायका एकमेकींच्या सांगण्यावरून येतात. गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यांची खटखट दिवसभर चालू असते, म्हणून इथली माणसं जरा वरच्या पट्टीतच बोलतात. हे आधीच सांगून ठेवते, पुढं त्याचा संबंध येणार आहे.

2024 च्या दिवाळीत थोरल्यानं पुण्याहून एक स्मार्ट स्पीकर पाठवला. आवाजावर चालणारा, मोठ्या वाटीएवढा, वरून कापड गुंडाळल्यासारखा. सेलमध्ये 3 हजारांच्या आत मिळाला म्हणाला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते या जातीच्या सगळ्याच यंत्रांना लागू आहे, आणि एकीचं नाव घेतलं की वाचणारे म्हणणार, मग आपण दुसरीचा घेऊ.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे.

सासूबाई 79 वर्षांच्या आहेत. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, पण एका डोळ्याचा पडदा खराब झालाय. मोबाईलवरचं काही दिसत नाही, टीव्हीच्या रिमोटची बटणंही चाचपडत दाबतात. सकाळी त्यांना हरिपाठ लागतो. पूर्वी त्यासाठी मला किंवा धाकटीला हाक मारायच्या, आणि मी मशीनवर असले की "राहू दे गं, तुझा हात अडकलाय" म्हणून तशाच बसून राहायच्या. डबा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सांगितलं आणि हरिपाठ सुरू झाला. बंद करायला सांगितला, बंद झाला. परत लावायला सांगितला, परत लागला. त्या दिवशी त्यांनी असं सहा-सात वेळा केलं असेल. कुणाचे उपकार न घेता आपल्या मनासारखं काहीतरी होतंय, हे त्या वयात आणि त्या डोळ्यांनी किती मोठं असतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळं "असली यंत्रं घरात आणूच नका" असं मी म्हणणार नाही.

वेळ विचारता येते. भाकरी तव्यावर असताना हात न धुता गजर लावता येतो. आमच्याकडं महापालिकेचं पाणी रोज येत नाही, तीन-चार दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे, कधी रात्री. पाण्याच्या दिवशी 4 वाजता उठवायचं काम यानं सव्वा वर्षात एकदाही चुकवलं नाही. फक्त वीज असायला हवी. वीज गेली की तो गप्प, आणि वायफाय गेलं की प्रत्येक वाक्याला नुसती माफी मागत बसतो.

भाषेचं मात्र दुःख आहे. भाषा निवडायला गेलं तर इंग्रजी आणि हिंदी, मराठी नाहीच. 2011 च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे 8 कोटींच्या वर होते, एवढ्या माणसांची भाषा घालायला काय अडचण असावी? सासूबाई त्याच्याशी आपल्या सोलापुरी हिंदीत बोलतात. "ए, पांडुरंग का भजन लगाव रे." आधी त्याला कळायचं नाही, मग कळायला लागलं. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी एकाच वाक्यात येतात. त्याचा या डब्याला काय त्रास होतो आणि आम्हाला त्यातून काय त्रास झाला, तिकडं आता येते.

डबा ठेवला होता पुढच्या खोलीत. राउटर तिथंच आहे आणि दिवसभर सासूबाई माझ्याजवळच बसतात, शेंगा फोडतात, हुक लावून देतात. मशीनच्या वरच्या फळीवर दोऱ्याच्या रिळांशेजारी त्याची जागा झाली. तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही.

शिवणाच्या खोलीत काय चालतं ते बाहेरच्याला कळणार नाही. माप घेताना बाई पुढ्यात उभी असते, हात वर केलेले, माझा टेप तिच्या मुंढ्याभोवती. एवढ्या जवळ तिच्या घरातलंही कुणी दिवसभरात येत नसेल. मग ती बोलते. नवऱ्याचं, सासरचं, पोटातल्या गाठीचं, अंगावरच्या वळाचं. वळ तर मला दिसलेलाच असतो, ती न बोलली तरी. विड्या वळणाऱ्या बायका येतात, शाळेतल्या बाई येतात, डॉक्टरीणबाई येतात, आणि माप घेताना सगळ्या सारख्याच बोलतात. दर वर्षी छाती-कमरेचा आकडा बदलतो तेव्हा मला आधी कळतं, कोण दिवसांनी आहे, कोण आजारानं वाळतेय.

जिच्याकडं मी शिवण शिकले त्या मावशींनी कात्री हातात द्यायच्या आधी एक गोष्ट सांगितली होती. "माप आणि बोलणं, दोन्ही वहीत राहतं, वही कपाटात राहते." माझी मापाची वही आजही कुलपात असते. एकदा एक बाई आल्या, होणाऱ्या सुनेचं माप माझ्याकडं आहे म्हणून ते विचारायला लागल्या. साडीवरचा ब्लाऊज गुपचूप शिवून द्यायचाय म्हणाल्या. हेतू चांगलाच असेल. मी दिलं नाही. पोरीला घेऊन या म्हटलं. त्या रागावून गेल्या आणि दोन वर्षं आल्या नाहीत. ते गिऱ्हाईक गेल्याचं मला काही वाटलं नाही.

आता श्रावणातली गोष्ट. 2025 चा श्रावण. राख्या, गौरी-गणपती, सगळं तोंडावर, रात्री अकरापर्यंत मशीन चालायची. धाकटी इथंच कॉम्प्युटरचं शिकते. एका रात्री तिनं डब्याचं ॲप उघडलं, आजीला आवडलेला एक अभंग कुठला होता ते शोधायला. त्या ॲपमध्ये आत कुठंतरी, तीन-चार दारं ओलांडल्यावर, आपण त्याला काय काय बोललो त्याची यादी असते. तारीख, वेळ आणि खाली त्याला जे समजलं ते लिहिलेलं. समोर एक छोटं त्रिकोणी बटण. ते दाबलं की आपलाच आवाज ऐकू येतो.

मला हे माहीतच नव्हतं. दहा महिने घरात वस्तू होती आणि आपला आवाज कुठंतरी साठवून ठेवलेला आहे हे मला माहीत नव्हतं.

गेल्या सात दिवसांच्या 72 नोंदी होत्या. बहुतेक सासूबाईंच्या. भजन लगाव, बंद कर, कितने बजे. काही धाकटीच्या. आणि 9 नोंदी अशा होत्या की ज्यात डब्याला कुणी हाकच मारली नव्हती. एकीत नुसती मशीनची घरघर. एकीत आमचे हे फोनवर कारखान्यातल्या पगाराचं बोलत होते. आणि एक मंगळवारची, दुपारी 3 वाजून काही मिनिटांची.

त्यात आधी टेपच्या पत्र्याचं टोक टेबलावर आपटल्याचा बारीक आवाज आला. मग माझा आवाज, "श्वास सोडा, आखडू नका." मग एका ताईंचा आवाज. नेहमी मोठ्यानं बोलणाऱ्या त्या ताई खालच्या आवाजात बोलत होत्या, तरी सगळं स्पष्ट. एक वाक्य पूर्ण, दुसरं अर्धं. मग तुटलं. खाली डब्यानं हिंदीत काहीबाही लिहिलं होतं, त्यातला "ब्लाउज" एवढा एकच शब्द बरोबर होता. पण आवाज अख्खा होता. ज्याला आमची भाषा येते त्याला तो ऐकून सगळं कळलं असतं.

त्या काय बोलल्या ते मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की ते त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नव्हतं. हा प्रसंगसुद्धा त्यांना विचारून लिहितेय.

माझे हात गार पडले. धाकटी म्हणाली, "आई, दाबलं की डिलीट होतं." दाबलं, गेलं. पण मला एकच विचारायचं होतं, हे कुठून गेलं? फक्त आपल्या फोनवरून की सगळीकडून? आणि मंगळवारपासून आत्तापर्यंत कुणी ऐकलं असेल का?

पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघी हे समजून घेत होतो. ती वाचायची, मला मराठीत सांगायची. मला समजलं ते असं. हा डबा कायम कान उघडे ठेवून असतो, पण कायम पाठवत नसतो. ठरलेली हाक कानावर पडते का एवढंच तो जागच्या जागी तपासत राहतो, शेवटच्या काही क्षणांचा आवाज धरतो आणि पुसतो, धरतो आणि पुसतो. हाक ऐकली असं वाटलं की दिवा लागतो आणि तिथून पुढचा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरकडं जातो. उत्तर तिकडून येतं. म्हणजे सगळा खेळ "असं वाटलं" या दोन शब्दांवर. जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली या यंत्रांपुढं टीव्हीवरच्या मालिका आणि बातम्या लावून बघितल्या, तर चुकून जागं करणारे शब्द आणि तुकडे 1000 च्या वर सापडले. तेही इंग्रजी, जर्मन आणि चिनी या भाषांत. आमच्या खोलीत तर तेलुगूत सुरू झालेलं वाक्य मराठीत संपतं, आणि मागाच्या खटखटीमुळं सगळ्या मोठ्यानं बोलतात. आम्ही मुद्दाम करून बघितलं. आमच्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द जरा ओढून म्हटला की पाचातल्या दोन वेळा दिवा लागायचा. मी मशीनवर मान खाली घालून असते, मला दिवा कसा दिसणार?

आणि "कुणी ऐकलं असेल का" याचं उत्तर. काही तुकडे खरोखरची माणसं ऐकायची, हे 2019 मध्ये एकामागून एक बाहेर आलं. एप्रिलमध्ये ब्लूमबर्गनं अ‍ॅमेझॉनच्या अलेक्साबद्दल छापलं. जुलैत बेल्जियमच्या व्हीआरटी या वाहिनीच्या हाती गूगल असिस्टंटचे 1000 हून जास्त तुकडे आले, त्यातले 153 असे होते की हाक नसताना रेकॉर्ड झालेले. नवरा-बायकोचं बोलणं, दुखण्याखुपण्याचं बोलणं. त्यावर गूगलचं म्हणणं होतं की एकूणातले 0.2 टक्के तुकडेच माणसं तपासतात, यंत्राला भाषा शिकवण्यासाठी. त्याच महिन्यात गार्डियननं अ‍ॅपलच्या सिरीबद्दल तेच छापलं. ऑगस्टमध्ये अ‍ॅपलनं माफी मागितली आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय ऐकणार नाही असं ठरवलं. पुढं 2025 च्या सुरुवातीला सिरीच्या खटल्यात साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड करायची तयारीही दाखवली, चूक कबूल न करता. लहान मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग ठेवून घेतल्याबद्दल 2023 मध्ये अमेरिकेतल्या व्यापार आयोगाच्या खटल्यात अ‍ॅमेझॉननं अडीच कोटी डॉलर दंड मान्य केला. आई-बापांनी पुसायला सांगितलं तरी पूर्ण पुसलं जात नव्हतं, हा त्यातला एक आरोप होता. हे धाकटीनं वाचून दाखवलं तेव्हा माझ्या मनातला प्रश्न काही वेडा नव्हता हे कळलं. डिलीट दाबलं म्हणजे सगळीकडून गेलं का, हेच तिथल्या आयाही विचारत होत्या.

आमचा तुकडा कुणी ऐकला असं मी म्हणत नाही. बहुतेक कुणीच ऐकला नसेल. पण "बहुतेक"वर माझं दुकान चालत नाही. त्या ताईंना मी शब्द दिलेला असतो, तोंडानं नव्हे, पण त्या माझ्यापुढं हात वर करून उभ्या राहतात तोच शब्द. तो मी मोडला, माझ्या फळीवरच्या वस्तूनं मोडला.

धाकटीनं संमतीचं सांगितलं तेव्हा मला माझा खरा राग कशावर आहे ते सापडलं. 2017 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात. मग 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले आणि त्यातल्या मुख्य तरतुदी 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्या कायद्याचा गाभा संमती आहे. माहिती घ्यायची तर माणसाला कळेल अशा भाषेत विचारून, 18 वर्षांखालच्या मुलाची असेल तर आई-बापाला विचारून. नीट कायदा आहे. पण डबा सुरू करताना "मान्य आहे" कुणी दाबलं? थोरल्यानं, व्हिडिओ कॉलवर सांगत सांगत, माझ्या अंगठ्यानं. आमच्या चौघांची संमती एका अंगठ्यात गेली, ते एक वेळ समजा चालतं. पण इरकलीचा खण घेऊन माप द्यायला आलेल्या बाईनं कधी मान्य म्हटलं? तिला तर फळीवर असं काही आहे हेच माहीत नव्हतं. रिळांच्या मध्ये ठेवलेलं होतं, दिसायलाही रिळाचा डबाच.

या सगळ्या यंत्रांच्या जाहिराती "तुमचं घर" म्हणतात. आमच्यासारखी घरं त्यांनी बघितली नसावीत. सोलापुरात किती घरांत पुढच्या खोलीत काहीतरी चालतं बघा. कुणी शिकवणी घेतं, कुणाचं पार्लर आहे, कुणी पत्रिका बघतं, कुणी टॉवेलाला शिलाई घालून देतं, कुणी भिशी चालवतं. दिवसाला वीस-पंचवीस माणसं आत येतात. त्यांचा आवाज आपला नाही.

त्या ताईंना मी सांगायचं ठरवलं. घरात दोन मतं पडली. हे म्हणाले, "गेलं पुसून, कशाला सांगतेस, उगीच घाबरतील." मला पटलं नाही. ब्लाऊज कापताना कात्री चुकली तर मी गिऱ्हाइकाला सांगते, जोड देऊन लपवत नाही. ब्लाऊज न्यायला आल्या तेव्हा खोलीत दोघीच होतो. डब्याचा प्लग काढून ठेवलेला होता. मी सगळं सांगितलं, यादी दाखवली, ती नोंद आता नाही तेही दाखवलं. त्या बराच वेळ फळीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्का, तुम्ही नाही ना ठेवलं मुद्दाम?" नाही म्हटलं. "मग अजून कुणी ऐकलं?" मला खरं उत्तर देता येत नव्हतं, तसंच सांगितलं. त्यांनी पैसे दिले, पिशवी घेतली आणि गेल्या. शिलाई घेऊ नये असं मला वाटत होतं, पण त्यांनी टेबलावर ठेवले आणि थांबल्या नाहीत.

त्या रात्री डबा खोक्यात भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बराच वेळ रिकाम्या फळीकडं तोंड करून बसल्या. त्यांना वाटलं वीज गेलीय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढून टाक की मग, बायकांचं बोलणं महत्त्वाचं." आणि परत शेंगा फोडायला लागल्या. हरिपाठाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. ते मला सहन झालं नाही.

म्हणून आम्ही जे केलं ते नीट लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. डबा आता मागच्या खोलीत, सासूबाईंच्या कॉटच्या उशाशी आहे. मध्ये दोन दारं आणि स्वयंपाकघर. त्याला वेगळा बोर्ड बसवून घेतलाय, बटण कॉटवरून हाताला लागतं, आणि त्या बटणावर मी माझ्या शिवणातली जाड लेस चिकटवलीय, म्हणजे त्यांना बोटांनी कळतं. सकाळी त्या चालू करतात, हरिपाठ झाला की बंद. डब्यावर माईक बंद करायचंही बटण असतं, दाबलं की लाल दिवा लागतो. धाकटी म्हणते ते पुरेसं आहे. मला प्लगचं बटण जास्त भरवशाचं वाटतं, त्यात वीजच जात नाही.

ॲपमध्ये शिरून आवाज साठवण्याची मुदत सगळ्यात कमी केली. "सेवा सुधारण्यासाठी आवाज वापरू द्या" अशा अर्थाचं एक बटण आधीपासून चालू होतं, ते बंद केलं. बोलून खरेदी करायची सोय आणि फोनमधल्या नावांची यादी बघायची परवानगी, दोन्ही काढून घेतल्या. अमेरिकेत 2018 मध्ये एका जोडप्याचं घरातलं बोलणं अलेक्सानं त्यांच्या ओळखीच्या माणसाला परस्पर पाठवलं होतं, एकामागून एक चुकीचं ऐकून. ते वाचल्यावर नावांची यादी त्याच्या हाती ठेवायची इच्छाच राहिली नाही. दर रविवारी धाकटी यादी पुसते. आणखी एक बघून ठेवा, ही बटणं एकदा लावली की कायमची राहतात असं नाही. आवाज कंपनीकडं पाठवायचाच नाही, असा पर्याय अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत काही यंत्रांवर दिला होता, तो 2025 च्या मार्चमध्ये काढून घेतला. म्हणून अधूनमधून आत जाऊन बघायला लागतं.

कंपन्यांवर माझा मोठा आक्षेप हा आहे की ही सगळी बटणं इंग्रजीत, आणि इतकी आत, की कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरीलाही पाऊण तास लागला. जी वस्तू डोळ्यांनी न दिसणाऱ्या म्हातारीसाठी म्हणून विकता, तिला तोंडानं विचारता यायला हवं, माझा आवाज ठेवलायस का, आणि तिला कळेल अशा मराठीत उत्तर यायला हवं.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. थोरल्याला वायफायवरचा कॅमेराही बसवायचा होता, पुढच्या खोलीत, कापडं चोरीला जाऊ नयेत म्हणून. तिथं मी एका शब्दात नाही म्हटलं. 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यातलं, बायकांना तपासतानाचं चित्रण यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर गेलं होतं. बसवणाऱ्यानं तेही सुरक्षेसाठीच बसवले असणार. आमचा कॅमेरा आता जिन्यावर आहे, तोंड रस्त्याकडं, आणि आल्या आल्या त्याचा पासवर्ड बदलून घेतला.

एवढं वाचून कुणी विचारलं, घ्यावा की नाही, तर मी म्हणेन, डोळ्यांनी किंवा हातापायांनी अधू माणूस घरात असेल तर जरूर घ्या, त्याच्या खोलीत ठेवा, त्याच्या हाताला बटण द्या. आवाज बरा आहे, गजर पक्का आहे, मराठी नाही. पाचातले तीन स्टार देते, तिन्ही सासूबाईंच्या हरिपाठाचे. पण ज्या खोलीत बाहेरचं माणूस येऊन मन मोकळं करतं, तिथं फुकट मिळाला तरी ठेवू नका. आणि ज्यांच्या घरी कामाला बायका येतात त्यांनी त्यांनाही सांगा, घरात हा आहे म्हणून. स्वयंपाकाच्या मावशी फोनवर लेकीशी बोलतात, तेही तो ऐकतो.

त्या ताई दसऱ्याला आल्या नाहीत, दिवाळीलाही नाहीत. मी फोन केला नाही, त्यांच्यावर दडपण नको म्हणून. या जानेवारीत गड्ड्याची जत्रा सुरू झाली त्या आठवड्यात दुपारी दारात उभ्या राहिल्या, हातात खणाची घडी. आत आल्यावर आधी वर फळीकडं बघितलं. तिथं आता काजबटणाच्या रिळांचा पत्र्याचा डबा आहे. त्यांनी उठून तो हलवून बघितला, आतली रिळं वाजली. मग पदर काढून ठेवला, हात वर केले आणि म्हणाल्या, "कमरेत अर्धा इंच सैल धरा अक्का, मागचा आवळतोय."